हातून फुटले, की मुळातच ठिसूळ?

काचसामानाच्या खोक्यावर दांडीच्या पेल्याचे एक चित्र छापलेले असते. मालाच्या हाताळणीच्या खुणा ठरवून देणाऱ्या आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय मानकात त्या खुणेला जागा आहे, आणि तिच्या शेजारी बहुधा ‘फ्रॅजाइल’ हा इंग्रजी शब्द असतो. अमेरिकेत त्याचाच उच्चार ‘फ्रॅजल’ असा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे साधे विशेषण. पण खोके उचलणाऱ्या हमालाला ते आतल्या वस्तूविषयी फारसे काही सांगत नाही. आत पेले आहेत की झुंबर, काच जाड आहे की पातळ, किती उंचीवरून पडली तर फुटेल, यातले काहीच त्याला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आपल्याला बजावून झाले आहे आणि यापुढे फुटले तर बोल आपल्याला लागणार आहे. दिसायला विशेषण, वागायला ताकीद, असा हा शब्द आहे. पुढच्या पानांत ज्या शब्दांची ओळख होणार आहे, त्यांच्याकडे पाहण्याची दिशा या खोक्यावरच सापडते.

सहज तुटणाऱ्या, फुटणाऱ्या किंवा चुरा होणाऱ्या वस्तूंसाठी इंग्रजीत शब्दांची चांगलीच दाटी आहे. फ्रॅजाइल, ब्रिटल, फ्रेल, डेलिकेट आणि फ्लिम्झी हे पाच वर्तमानपत्रांत नेहमी भेटणारे. फ्रायेबल आणि फ्रँजिबल हे कायद्याच्या आणि अभियंत्यांच्या वापरातले. क्रिस्प आणि शॉर्ट हे स्वयंपाकघरातले. शाळेत ते समानार्थी म्हणून पाठ केले जातात. कोशातही एकाचा अर्थ दुसऱ्याच्या आधाराने सांगितलेला असतो, आणि मराठीत आणताना ‘नाजूक’, ‘ठिसूळ’, ‘कमकुवत’ ही तीन पदे उलटसुलट करून सगळ्यांची बोळवण होते. पण हे शब्द एकाच मापपट्टीवरच्या कमी-अधिक खुणा मानले, तर इंग्रजी बोलणारा त्यांतला नेमका एक का निवडतो, हे कोडे सुटत नाही. या प्रस्तावनेचे म्हणणे असे आहे की वस्तू किती कमजोर आहे हे सांगणे हे या शब्दांचे दुय्यम काम आहे. वस्तू तुटली तर दोष कोणाच्या पदरात पडावा, हाताळणाऱ्याच्या, घडवणाऱ्याच्या, वस्तूच्या स्वभावाच्या, वयाच्या, की कोणाच्याच नाही, याचा निवाडा ते तुटण्याआधीच करून ठेवतात.

यावर पहिली हरकत भाषेच्या इतिहासातून येईल. इंग्रजीने लॅटिन, फ्रेंच आणि जर्मानिक अशा तिन्ही घरांतून शब्द आणले, म्हणून तिच्याकडे एकाच अर्थाचे अनेक शब्द साठले, एवढेच याचे कारण आहे, असे कोणी म्हणेल. इतिहास खराच तसा आहे. तोडणे या अर्थाच्या ‘फ्रांगेरे’ या लॅटिन क्रियापदापासून ‘फ्राजिलिस’ झाले. ते फ्रेंचच्या तोंडी झिजून ‘फ्रेल’ बनले आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळले. मागाहून विद्वानांनी तोच शब्द मूळ रूपाशी इमान राखून ‘फ्रॅजाइल’ म्हणून पुन्हा आणला. फ्रॅक्चर, फ्रॅक्शन आणि फ्रॅगमेंट हे याच कुळातले. ‘ब्रिटल’ मात्र जुन्या इंग्रजीतल्या, तोडणे याच अर्थाच्या एका जर्मानिक धातूतून आला. ‘डेलिकेट’च्या मुळाशी मोडतोड नाहीच; तिथे सुख आणि चैन आहे. ‘क्रिस्प’ तर मुळात कुरळ्या केसांचा शब्द. पण ही वंशावळ शब्द कुठून आले ते सांगते, त्यांनी आपापसांत कामे कशी वाटून घेतली ते सांगत नाही. मराठीत ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ एकाच पोटचे. तरी नांगर शेतात चालतो आणि यात्रा क्षेत्राला जाते. ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ यांचेही तसेच आहे. थकलेल्या आजोबांना इंग्रज ‘फ्रेल’ म्हणतो, काचेच्या बरणीला कधी म्हणत नाही. ही वाटणी वापरातून झाली आहे, आणि तिच्यामागचे सूत्र वापरातच शोधावे लागते.

सर्वांत शिकवणारा शब्द ‘ब्रिटल’. त्याला कमजोरीचा शब्द समजणे ही मोठी चूक ठरते, कारण ब्रिटल वस्तू पुष्कळदा अतिशय कठीण असते. हिरा हा सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ म्हणून प्रसिद्ध आहे, पण हातोडीच्या घावाने तो फुटतो. सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्टने इंग्लंडात आणलेले काचेचे थेंब तिथल्या विद्वानांना चक्रावून गेले, ते याच गुणामुळे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याला फुगीर डोके आणि बारीक शेपूट येते. डोक्यावर हातोडी मारली तरी ते दाद देत नाही. शेपूट मात्र चिमटीत मोडले की डोक्यासकट साऱ्या थेंबाचा क्षणात भुगा होतो. बाहेरची काच आधी थिजते, आतली मागाहून आकसते आणि बाहेरच्या थराला आत खेचून धरते. त्या ताणामुळेच डोके बळकट होते आणि त्याच ताणामुळे सारे एकदम फुटते. ब्रिटल म्हणजे जे वाकत नाही, ताणले जात नाही, तुटण्याआधी इशारा देत नाही ते. आपला ‘ठिसूळ’ इथे अगदी चपखल बसतो. बिडाचा तवा वर्षानुवर्षे जाळ सोसतो आणि एकदा फरशीवर पडला की दोन तुकडे होतात. त्या वेळी हळहळ होते, पण ‘बीडच ते’ म्हणून दोष धातूच्या स्वभावावरही टाकला जातो.

इथे दुसरी हरकत उभी राहते. ब्रिटल हा तर पदार्थविज्ञानातला मोजता येणारा गुण. शास्त्रीय संज्ञेत दोषारोप कुठून आला? याचे उत्तर एका जहाजाने द्यावे. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज संथ पाण्यात उभे होते. ना वादळ, ना टक्कर. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगले. युद्धाच्या घाईत रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या इतर जहाजांच्या पत्र्यांनाही अशाच भेगा पडत होत्या, त्यामुळे संशय आधी वेल्डिंगवर आणि पर्यायाने ते करणाऱ्या हातांवर गेला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी पुढे दाखवून दिले की थंडीत ते पोलादच ब्रिटल होत होते. वेल्डिंग अगदीच निर्दोष ठरले असे नाही. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी थांबे, सलग जोडलेल्या जहाजात ती धावत पुढे जाई. पण मुख्य आरोपी बदलला: कामगाराच्या हातून दोष निघाला आणि पोलादाच्या गुणात गेला. संज्ञा मोजता येणारी असली तरी ती उच्चारली जाते त्या क्षणी चौकशी एका दारातून दुसऱ्या दारात जाते. वैद्यकातही हेच दिसते. अगदी हलक्या धक्क्यानेही हाडे मोडतात अशा जन्मजात विकाराला इंग्रजीत बोलताना ‘ब्रिटल बोन डिसीज’ म्हणतात. तान्ह्या मुलाची हाडे पुन्हा पुन्हा मोडलेली आढळली की संशयाची सुई आईबापांकडे वळते. निदान झाले की ती हाडांकडे वळते. एका विशेषणाने घरातली माणसे आरोपातून सुटतात.

स्वभावावर बोट ठेवण्याची हीच सवय माणसांबद्दल बोलताना ‘ब्रिटल’ला धार आणते. एखाद्याचे हसू ब्रिटल आहे असे इंग्रजी कादंबरीकार लिहितो तेव्हा ते हसू कठीण, चकचकीत आणि कोणत्याही क्षणी तडकेल असे असते. वाचकाला त्या माणसाची काळजी वाटण्यापेक्षा त्याच्याजवळ जायची भीती वाटते. १९८० च्या दशकात संगणकावरच्या तज्ज्ञ-प्रणालींना ब्रिटल म्हटले जाई, ते याच अर्थाने: आखून दिलेल्या विषयात त्या हुशारीने चालत, विषयाची हद्द ओलांडली की पायरीपायरीने न ढळता एकदम कोसळत.

दोष घडवणाऱ्यावर टाकायचा असेल, तर इंग्रजी माणूस ‘फ्लिम्झी’ उचलतो. या शब्दाची साक्ष उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मिळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून जात असे. खडबडीत वाटेवर त्यांचे सांधे उसवत, आणि मुक्कामी पोचण्याआधीच बरेचसे पेट्रोल वाळूत जिरे. सैनिकांनी त्या डब्यांचे नावच ‘फ्लिम्झी’ ठेवले. विशेषणाचे नाम झाले आणि ते नाम थेट पुरवठा खात्याच्या तोंडावर मारलेली तक्रार होते. रिकामे डबे कापून त्यांत वाळू आणि पेट्रोल घालून चहाच्या चुली पेटवल्या जात. फ्लिम्झीचा उपयोग तेवढाच. जर्मन सैन्याकडचे वीस लिटरचे, दोन अर्धुके जोडून केलेले, तीन मुठींचे डबे हाती लागले तेव्हा ब्रिटिशांनी त्यांचीच नक्कल केली. जर्मनांना इंग्रज सैनिक ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो डबा जेरीकॅन झाला, आणि तोच शब्द पुढे आपल्याकडे पाण्याच्या रांगेपर्यंत आला. ‘फ्लिम्झी’चा मराठी जोडीदार ‘तकलादू’. दोन्ही शब्दांत हेच गृहीत असते की चांगले करता आले असते, पण केले नाही. म्हणूनच इंग्रजीत पुरावा फ्लिम्झी असतो, सबब फ्लिम्झी असते. या साऱ्या माणसाने रचलेल्या गोष्टी. फुलपाखराचा पंख कितीही पातळ असला तरी त्याला फ्लिम्झी म्हणणे इंग्रजी कानाला खटकते, कारण तिथे अंगचोरी करणारा कारागीर नाही.

फुलपाखराच्या पंखाला लागतो तो ‘डेलिकेट’. त्याच्या मुळातली चैन इथे उपयोगी पडते: वस्तू सहज मोडेल, पण ती सुबक आहे म्हणून. मोडण्याचा धोका ही तिच्या सुबकतेची किंमत ठरते, दोष ठरत नाही. ‘फ्रेल’ही दोष देत नाही, पण वेगळ्या कारणाने. या शब्दाच्या जुन्या वापरात नैतिक दुबळेपणा होता; मोहाला बळी पडणारे शरीर ते फ्रेल. पुढे ओझे नीतीवरून वयाकडे सरकले आणि शब्द करुणेचा झाला. आता तर तो निदानाचाही झाला आहे. २००१ साली अमेरिकी वैद्यक-संशोधक लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांमधल्या या अवस्थेसाठी पाच निकष मांडले: नकळत घटलेले वजन, थकवा, मुठीची घटलेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन आढळले तर माणूस फ्रेल. त्याची पकड ढिली झाली यात त्याचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही आणि घरच्यांचाही नाही, हे या शब्दात अनुस्यूत आहे. सोय मोठी आहे, आणि धोकाही तितकाच. दोष कोणाचाच नाही असे ठरले की काही करण्याची निकडही ओसरते, आणि व्यायामाने, आहाराने सुधारू शकणारी अवस्था ‘आता वयच झाले’ म्हणून सोडून दिली जाते.

मोडणे हाच गुण असतो तिथे निवाडा पुन्हा बदलतो. विमानतळाच्या धावपट्टीजवळचे दिव्यांचे खांब ‘फ्रँजिबल’ असावेत असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. विमान धडकले तर खांबाने मुकाट मोडायचे आणि विमानाला वाचवायचे. ‘फ्रँजिबल’ आणि ‘फ्रॅजाइल’ यांचा धातू एकच, पण पहिल्यात मोडणे ठरवून केलेले असते आणि न मोडणारा खांब गुन्हेगार ठरतो. ‘फ्रायेबल’चे काम याच्या उलट. अमेरिकेतल्या पर्यावरणाच्या नियमांत, वाळलेली असताना नुसत्या हाताच्या दाबाने चुरा होणारी अ‍ॅस्बेस्टॉसची वस्तू फ्रायेबल ठरते, आणि ती काढताना इमारतीच्या मालकावर कडक बंधने येतात. मातीला लावलेला आपला ‘भुसभुशीत’ अर्थाने त्याच्या अगदी जवळ आहे, पण शेतकऱ्याच्या तोंडी ती शाबासकी असते. स्वयंपाकघरात तर सारा मामला शाबासकीचाच. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घातले की ती खुसखुशीत होतात. इंग्रजीत अशा पिठाला ‘शॉर्ट’ आणि त्यातल्या तुपा-लोण्याला ‘शॉर्टनिंग’ म्हणतात. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा पदार्थ अमेरिकेत ‘पीनट ब्रिटल’ म्हणून विकला जातो. पोलादाला जो शब्द आरोप म्हणून लागला, तोच इथे आश्वासन म्हणून लागतो, कारण तो कडकन मोडावा अशीच खाणाऱ्याची इच्छा असते.

तिसरी हरकत व्यवहारातली आहे आणि ती टाळून चालणार नाही. सामान्य इंग्रजी माणूस एवढा विचार करून बोलतो का? तो फ्रॅजाइलच्या जागी ब्रिटल घालतो, डेलिकेटच्या जागी फ्रॅजाइल. शिवाय या सूत्राला छेद देणारी उदाहरणेही आहेत. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडल्याने हाड मोडले, तर डॉक्टर त्याला ‘फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर’ म्हणतात. इथे फ्रॅजाइल तर हाडालाच दोष देतो आहे. सरमिसळ होते हे मान्य. पण सरमिसळीतही काही जागा अडून बसतात. ब्रिटल सबब किंवा फ्लिम्झी आजोबा असे कोणी म्हणत नाही. बोलणारा नियम सांगू शकत नाही, पण नियम मोडला की त्याचा कान टवकारतो. मातृभाषेचे ज्ञान बहुतेक असेच असते. फ्रॅजिलिटी फ्रॅक्चरचा उपयोग पाहिला तर तोही खोक्यावरच्या ताकिदीकडेच जातो. नुसते प्लास्टर घालून रुग्णाला घरी पाठवू नका, हाडांची घनता तपासा, पुढचे मोडणे टाळा, असे तो शब्द डॉक्टरला बजावतो. हाड हे खोके, आणि हाताळणारा डॉक्टर.

ताकिदीचा हा गुण ओळखला की राजकारणातला फ्रॅजाइल उलगडतो. वॉशिंग्टनमधील फंड फॉर पीस ही संस्था २००५ पासून देशांची एक सूची काढते. तिचे नाव आधी ‘फेल्ड स्टेट्स इंडेक्स’ होते. २०१४ साली ते ‘फ्रॅजाइल स्टेट्स इंडेक्स’ झाले. आधीच्या नावात देश नापास झाल्याचा शिक्का होता, नव्यात सांभाळून घेण्याची विनंती आहे. सौजन्याने पाहिले तर ही सुधारणाच. पण ‘काळजीपूर्वक हाताळा’ म्हटले की हाताळणारा हात गृहीत धरला जातो, आणि हाताळला जाणारा देश खोक्यासारखा निमूट मानला जातो. याच्या उलट टोकाला रॉबिन डीअँजेलो यांनी २०११ मध्ये मांडलेली आणि २०१८ च्या पुस्तकाने गाजलेली ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ ही संज्ञा आहे. वंशभेदाचा विषय निघताच दुखावल्या जाणाऱ्या गोऱ्या माणसांना उद्देशून ती वापरली जाते, आणि तिच्यात आरोप उघड आहे. मग फ्रॅजाइल त्या वस्तूलाच दोष देत नाही हे म्हणणे कोलमडते का? उलट त्या संज्ञेचा दंश याच सूत्राने समजतो. ज्या शब्दाने सांभाळून घेण्याचे आर्जव व्हायचे, तो बलवानांना लावला, आणि आजवर तुम्हाला किती सांभाळून घ्यावे लागले याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. नसीम निकोलस तालेब यांनी २०१२ च्या ‘अँटिफ्रॅजाइल’मध्ये फ्रॅजाइलचा खरा विरुद्धार्थ शोधताना ज्यावर खुशाल आपटा-आदळा असे लिहिले आहे, अशा खोक्याची कल्पना केली, हेही बोलके आहे. विरुद्धार्थ शोधतानासुद्धा त्यांना हाताळणाऱ्याला दिलेला आदेशच उलटावा लागला.

मराठीत हा निवाडा एरवी विशेषणापेक्षा क्रियापद करते. ‘कप फुटला’, ‘माझ्या हातून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ या तीन वाक्यांत अपघात, कबुली आणि गुन्हा अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजीत फुटणे आणि फोडणे या दोहोंना ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद, आणि ‘हातून’चे काम तिथे एका शब्दयोगी अव्ययाने भागत नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांच्या २०११ च्या अभ्यासात असे आढळले की अपघाताने घडलेली गोष्ट सांगतानाही इंग्रजी बोलणारे, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तुलनेत, करणाऱ्याचा उल्लेख अधिक करतात आणि तो माणूस त्यांच्या अधिक लक्षात राहतो. त्यांच्याच २०१० च्या प्रयोगांत, आग लागली असे न सांगता अमक्या बाईने लावली असे सांगितले, की वाचक तिच्यावर अधिक दोष आणि अधिक भरपाई लादत. प्रयोग मोजक्या प्रसंगांपुरते आहेत, त्यावरून साऱ्या समाजाचा स्वभाव ठरवू नये. पण शब्दाच्या निवडीने दोष हलतो आणि दोषाबरोबर पैसाही हलतो, एवढे त्यांतून दिसते.

म्हणून इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्याची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. ठिसूळ, तकलादू, भुसभुशीत, खुसखुशीत, लेचापेचा, क्षणभंगुर, जीर्ण. कोठार भरलेले आहे. अडचण होते ती साऱ्यांच्या जागी ‘नाजूक’ बसवल्याने. इंग्रजीत एखाद्याची प्रकृती डेलिकेट असते म्हणजे तो लहानपणापासून तोळामासा. मराठी बातमीत ‘प्रकृती नाजूक’ वाचले की वाचक दवाखान्याचा रस्ता धरतो. दोन शत्रूंमधल्या युद्धविरामाला इंग्रजी वार्ताहर फ्रॅजाइल म्हणतो, तेव्हा काय लिहावे? ‘तकलादू’ लिहिले तर करार घडवून आणणाऱ्या मध्यस्थांनी काम कच्चे केले असा अर्थ होतो. ‘ठिसूळ’ लिहिले तर दोन्ही बाजू ताठर आहेत आणि सूचना न देता मोडतील, असे भाकीत होते. ‘नाजूक’ लिहिले तर सर्वांनी जपावे असे सांगणे होते, आणि इथे तरी तेच मुळाला धरून आहे. युद्धविराम तोच, पण आरोपी तीन, आणि त्यांतला एक निवडल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. पुढची पाने वाचताना प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नाआधी ‘मोडले तर हा शब्द कोणाकडे पाहील’ असे विचारावे. मराठी प्रतिशब्द त्याच माणसाकडे पाहणारा मिळाला, तर भाषांतर नेमके झाले.